इंदुरात घर बांधताना साइटवरच्या माणसांची काळजी कशी घ्यायची

छत भरायच्या, म्हणजे स्लॅब टाकायच्या दिवशी आपल्याकडे सगळं असतं. नारळ, हळदकुंकू, मजुरांसाठी लाडू, ठेकेदारासाठी वेगळं पाकीट. छताच्या कडेला कठडा तेवढा नसतो.

आमचं सुदामा नगरचं घर नव्यानं बांधलं तेव्हा मी रोज सकाळी साइटवर हजर असायचो. सिमेंटची तारीख बघ, रेती नर्मदेचीच आहे ना ते बघ, सळया मोजून घे. वरच्या मजल्यावर जिन्यासाठी सोडलेल्या मोकळ्या जागेवर कोणीतरी प्लायचा तुकडा टाकून ठेवला होता. तो मला दिसत होता, पण त्यात काही बघण्यासारखं आहे असं वाटलं नाही. एका दुपारी आलिराजपूरकडचा एक पोरगा डोक्यावर तगारी घेऊन त्या प्लायवर आला आणि प्लायसकट खाली गेला. टाचेचं हाड मोडलं, तीन महिने तो कामाला मुकला. ठेकेदार म्हणाला, "देख के चलना था." खरं सांगतो, त्या क्षणी मलाही तसंच वाटलं. डोक्यावर तगारी असलेल्या माणसाला स्वतःचे पाय दिसत नाहीत, हे मला दोन दिवसांनी सुचलं.

पुढचं सगळं त्यानंतर शिकलेलं आहे. काही आमच्या इंजिनियरकडून, बरंचसं म्हाताऱ्या मिस्त्र्यांकडून.

हे घरमालकालाच का सांगायचं? मोठ्या टाउनशिपच्या साइटवर सुरक्षा अधिकारी असतो, फाटकावर हेल्मेट मिळतं. आपल्या हजार-बाराशे फुटांच्या प्लॉटवर असं कोणी नसतं. कायदाही इथवर पुरता पोचत नाही. बांधकाम कामगारांसाठीचा १९९६चा केंद्रीय कायदा १० किंवा अधिक कामगार असलेल्या कामांना लागू होता, आणि स्वतः राहण्यासाठी १० लाखांपर्यंत खर्चून बांधलेलं घर त्यातून वगळलेलं होतं. २१ नोव्हेंबर २०२५पासून नव्या कामगार संहिता लागू झाल्या, त्यांत ही मर्यादा ५० लाखांवर गेली. म्हणजे आपल्यासारख्यांच्या बहुतेक घरांवर निरीक्षक फिरकणार नाही. निष्काळजीपणानं कोणाचा जीव गेला तर भारतीय न्याय संहितेचं कलम १०६ मात्र कोणालाच वगळत नाही. तेव्हा साइटवर "थांबा" म्हणायचा अधिकार ज्याला खरोखर आहे असा माणूस एकच, ठेकेदाराला पैशांचा हप्ता देणारा घरमालक.

ठेका ठरवतानाच

इंदुरात ठेका स्क्वेअर फुटावर ठरतो. त्या दरात मजुरी, मिक्सर, बल्ल्या-फंटे (लाकडी वासे आणि फळ्या) सगळं आलं असं धरतात. कठडा, हेल्मेट, झाकणं यांचा त्यात कुठेच हिशोब नसतो, त्यामुळे ठेकेदारानं यावर खर्च केलेला प्रत्येक रुपया त्याच्या नफ्यातून जातो. मग तो कशाला करेल? मी आता ओळखीच्या सगळ्यांना एकच सांगतो : हे फुकट मागू नका. ठेक्याच्या कागदावर वेगळी ओळ घाला, तिचे पैसे वेगळे धरा आणि वस्तू साइटवर दिसल्यावरच द्या. त्या ओळीत एवढं असावं : कठड्यासह परांची (उंचीवर उभं राहून काम करायचा तात्पुरता मचाण), प्रत्येक मोकळ्या जागेला ठोकून बसवलेलं झाकण, आयएस (भारतीय मानक) २९२५ खुणेची हेल्मेटं, उंचीवरच्या कामासाठी आयएस ३५२१चे पूर्ण अंगाचे पट्टे, गमबूट, रबरी हातमोजे, विजेच्या बोर्डावर ३० मिलिअँपिअरचा गळती-ब्रेकर (करंट गळला की वीज तोडणारा), पिण्याचं पाणी आणि संडास. सगळ्या घराच्या खर्चात ही रक्कम हॉलमधल्या झुंबराच्या आसपास येते.

दुसरी गोष्ट विम्याची. सरकारी आणि खासगी, दोन्ही प्रकारच्या विमा कंपन्या कामगार नुकसानभरपाईची पॉलिसी देतात. रोज सरासरी किती माणसं, कोणतं काम आणि एकूण मजुरी किती, यावर हप्ता ठरतो. आपल्याकडे रोज नवे चेहरे येतात, म्हणून प्रत्येकाचं नाव न लागणारा प्रकार मागा. ठेकेदाराच्या हाताखालच्या माणसांनाही ती लागू आहे असं पॉलिसीत लिहून घ्या. ती ओळ नसेल तर नेमक्या वेळी कागद हातात असूनही उपयोग होत नाही.

तिसरी गोष्ट वेळेची. आपल्या साइटवरचे निम्मेअधिक लोक झाबुआ, आलिराजपूर, धार, बडवानीचे. होळीच्या आधीच्या आठवड्यात भगोरिया, म्हणजे आदिवासींचा मेळा, लागला की ते गावी जाणार म्हणजे जाणार. हे ठाऊक असूनही मालक "भगोरियाच्या आधी छत पडलंच पाहिजे" म्हणून मागे लागतात आणि मग रात्री बल्बच्या उजेडात सेंट्रिंग (छताचा साचा आणि त्याचे टेकू) होतं. पंचांग आधीच उघडून बसा. मुहूर्तासाठी उघडतोच, यासाठीही उघडा.

पाडकाम, आणि जमिनीखाली काय आहे ते

रामबाग, नारायण बाग, जुनी इंदूर भागातली जुनी घरं पाडताना धोका नव्या बांधकामापेक्षा जास्त असतो. मातीच्या जोडणीची भिंत लाकडी तुळयांच्या वजनानं दाबली जाऊन उभी राहिलेली असते. वरचं वजन काढलं की ती मोकळी होते आणि धक्क्यानंही जाते. म्हणून पाडकाम वरून खाली, एकेक थर. भिंतीच्या बुडाला खाच पाडून ती लोळवायची युक्ती कोणी सुचवली तर तिथेच काम थांबवा. मलबा वरच्या मजल्यावर साठू देऊ नका, जुन्या पाटणीला (लाकडी तक्तपोशीला) ते वजन पेलत नाही. काम सुरू व्हायच्या आधी वीज कंपनीकडून जोडणी खांबावरूनच काढून घ्या. घरातला मेन स्विच खाली केला तरी मीटरपर्यंतची तार जिवंतच राहते.

जुन्या शेजाऱ्यांना विचारा की आवारात विहीर, बावडी (पायऱ्यांची विहीर), सेप्टिक टाकी कुठे होती. ३० मार्च २०२३ला, रामनवमीच्या दिवशी, इंदूरच्या बेलेश्वर महादेव मंदिरात बावडीवर टाकलेली फरशी खचली आणि ३६ माणसं गेली. वर नीट फरशी, खाली पोकळी, आणि वर उभ्या असलेल्यांना पत्ता नाही. आपल्या जुन्या वस्त्यांत असं झाकलेलं काही निघणारच नाही, याची खात्री जेसीबीवाल्याला नसते. ती तुम्ही करून द्यायची.

सेप्टिक टाकी सापडली तर तिच्यात माणूस उतरवायचा नाही. महापालिकेची किंवा खासगी सक्शन गाडी बोलावून उपसून घ्या. संरक्षक साधनांशिवाय माणसाला आत उतरवणं २०१३च्या कायद्यानं गुन्हा आहे, आणि अशा मृत्यूंसाठीची भरपाई सर्वोच्च न्यायालयानं ऑक्टोबर २०२३मध्ये १० लाखांवरून ३० लाख केली.

खोदाई : माळव्याची काळी माती

पायाच्या खड्ड्याला कोणी भीत नाही. पाच-सहा फूट तर आहे, त्यात काय होणार! पण आपली काळी माती पाणी पिऊन फुगते आणि सुकली की भेगाळते. मे महिन्यात खोदलेल्या चराची भिंत कशी कापल्यासारखी सरळ उभी असते. तिच्यात भेगा आधीच पडलेल्या असतात. मृगाची एक सर पडली की पाणी त्या भेगांत शिरतं आणि अख्खी ढेप सुटून आत येते. एक घनमीटर ओली माती दीड टनाहून जड. छातीपर्यंत गाडला गेलेला माणूस डोकं वर असूनही गुदमरतो, कारण श्वास घ्यायला छाती फुलवायला जागाच उरत नाही.

म्हणून :

दीड मीटर म्हणजे साधारण पाच फुटांहून खोल चर असेल तर बाजूंना उतार द्या किंवा फळ्या आणि आडव्या टेकूंनी भिंती दाबून धरा. प्लॉट लहान असला की उताराला जागा नसते, मग टेकूच लावायचे. शेजाऱ्याच्या भिंतीला लागून खोदत असाल तर सगळी लांबी एकदम उघडू नका. तुकड्या-तुकड्यानं खोदा, भरा, पुढे सरका.

उकरलेली माती चराच्या कडेपासून निदान दीड मीटर लांब टाका, किंवा खोलीच्या निम्म्या अंतरावर, दोन्हीतलं जे जास्त असेल ते. हा नियम आपल्याकडे हमखास मोडतो, कारण तीच माती परत भरायची असते आणि लांब टाकली की पुन्हा वाहून आणायची मजुरी पडते. ती मजुरी द्या. गिट्टीचा डंपरही कडेला लावू देऊ नका.

शिडी हवीच, आणि ती कडेच्या वर हातभर निघालेली हवी. भिंतीला पाय लावून चढणारा माणूस स्वतःच ढेप सोडवतो.

पाऊस पडून गेला की दुसऱ्या दिवशी कोणी उतरण्याआधी इंजिनियरला कडा दाखवा. कडेला समांतर केसाएवढी जरी रेघ दिसली तरी उतरायचं नाही.

वीज

आपल्याकडच्या कॉलन्यांत गल्लीतून अकरा केव्हीची (अकरा हजार व्होल्टची) लाइन गेलेली असते आणि गॅलरी बाहेर काढायची हौस प्रत्येकाला असते. नियमानं अकरा केव्हीच्या तारेपासून इमारत आडवी १.२ मीटर आणि उभी ३.७ मीटर दूर हवी. पण धोका नुसत्या इमारतीला नाही. सळई १२ मीटरची येते, म्हणजे जवळजवळ चाळीस फूट. खालचा माणूस ती उभी करतो, वरचा धरतो, मध्ये ती डोलते. तार आणि सळई यांचा स्पर्शही व्हावा लागत नाही, पुरेसं जवळ गेलं तरी झटका बसतो. असे मृत्यू आपण वर्तमानपत्रांत वाचतो आणि पान उलटतो.

लाइनच्या बाजूनं सळई चढवायचीच नाही, प्लॉटच्या दुसऱ्या अंगानं चढवा. खाली जमिनीवरच कापून तुकडे वर न्या. दुसरं अंगच नसेल तर वीज कंपनीकडे अर्ज करून तेवढ्या वेळेपुरता पुरवठा बंद करून घ्या. ॲल्युमिनियमची लांब शिडीही याच नियमात.

साइटच्या आतली वीज म्हणजे एक बोर्ड, त्यातून निघालेली जोड मारलेली वायर आणि पिनेऐवजी खोचलेली काडी. हे चित्र पहिल्याच दिवशी बदला. तात्पुरती जोडणी रीतसर घ्या, बोर्ड पावसापासून झाकलेला ठेवा, त्याला ३० मिलिअँपिअरचा ब्रेकर लावा आणि दर आठवड्याला त्याचं चाचणीचं बटण दाबून पाहा. वायरी जमिनीवरून नेऊ नका, खांबांवरून न्या. पाणी मारणाऱ्या बाईच्या हातात ओली नळी असते आणि पायाखाली ओली वायर. मोटरीचं अर्थिंग इलेक्ट्रिशियनकडून मीटर लावून तपासून घ्या, "है भिया, है" यावर विश्वास नको.

परांची, शिड्या आणि मोकळ्या जागा

परांचीला इथले मिस्त्री पाड म्हणतात. बल्ल्या, सुतळी आणि दोन फंटे एवढ्यावर ती उभी राहते आणि त्यावर चार माणसं, विटा, मसाल्याचं घमेलं. पडून होणारे मृत्यू जगभर बांधकामातल्या मृत्यूंच्या यादीत वर असतात, आणि आपल्या घरात ते बहुधा इथूनच होतात.

बघायचं काय? फंटे दोन्ही टोकांना बांधलेले हवेत. एका टोकाला सुटा फंटा म्हणजे सी-सॉ. उभ्या बल्ल्यांचं बूड मातीत न ठेवता जाड फळीवर ठेवा, नाहीतर पहिल्या पावसात एक बल्ली खचते. परांची दर मजल्याला इमारतीशी बांधलेली हवी. साडेतीन मीटरच्या वर गेली की ९० सेंटीमीटर उंच कठडा आणि पायाशी पट्टी, म्हणजे वीट घरंगळून खालच्याच्या डोक्यात जात नाही. सुतळी पावसात भिजून उन्हात सुकली की कुजते, ती दर पंधरा दिवसांनी बदला. परवडत असेल तर लोखंडी पाइपांची परांची भाड्यानं घ्या. घर दोन मजल्यांच्या वर जात असेल तर परवडायलाच हवी.

शिडीचा हिशोब सोपा आहे. चार फूट वर जायचं तर बूड एक फूट बाहेर. वरचं टोक बांधलेलं, आणि चढणाऱ्याचे दोन्ही हात मोकळे. घमेलं दोरीनं वर घ्यायचं.

आणि मोकळ्या जागा. जिना, लिफ्ट, डक्ट, हौदाचं तोंड. प्लाय नुसता ठेवू नका, खिळ्यांनी ठोका आणि वर लाल रंगानं मोठी फुली मारा. फुली वाचता येण्यासाठी शाळेत जावं लागत नाही.

सुरक्षा पट्ट्याबद्दल एक सांगतो. बहुतेक साइटवर पट्टा असतो, कमरेला किंवा खांद्याला लावलेलाही असतो, पण त्याची दोरी कशाला अडकवायची हे कोणी सांगितलेलं नसतं. मग ती त्याच फंट्याला अडकवली जाते ज्यावर माणूस उभा आहे. ती डोक्याच्या वर, पक्क्या काँक्रीटच्या खांबाला किंवा बीमला अडकवायची. पहिल्या दिवशी मिस्त्र्याकडून सगळ्यांसमोर करून दाखवून घ्या. साइटवर भिली, बारेली, निमाडी बोलणारे असतात. आपल्या भाषणापेक्षा करून दाखवलेलं पोचतं.

छत भरताना

हजार फुटांचं पाच इंची छत म्हणजे साधारण २९ टन ओलं काँक्रीट. काही दिवस ते स्वतःच्या पायावर उभं नसतं, बल्ल्यांवर उभं असतं. त्यात आणखी पंधरा-वीस माणसं, व्हायब्रेटर, घमेल्यांचे ढीग.

आदल्या दिवशी इंजिनियरला घेऊन सेंट्रिंगखाली शिरा. वाकड्या, जोड दिलेल्या, विटांच्या चवडीवर टेकवलेल्या बल्ल्या नकोत. लोखंडी जॅक मिळत असतील तर तेच. तिरपे बांध आहेत का पाहा, कारण छत बहुधा सरळ खाली बसत नाही, आधी एका बाजूला झुकतं. भरताना काँक्रीट एका जागी ढीग करून ओतू देऊ नका. आणि ते चालू असताना खाली कोणी नको. "बल्ली कसायला" एक माणूस खाली ठेवायची पद्धत आहे. त्यानं बाहेरून, मोकळ्या बाजूनं बघावं.

मिक्सर आणि त्याच्याबरोबरची लिफ्ट ही या दिवसाची दुसरी भीती. पट्ट्यांवर आणि दात्यांवर जाळी हवी. बायकांचे पदर, ओढण्या, पुरुषांचे गमछे मिक्सरपासून दोन हात अंतराच्या आत येता कामा नयेत. लिफ्टमधून माल जातो, माणूस नाही. दुपारी दमलेला माणूस चढून बसतोच, म्हणून तिथे एकाला उभं करा.

सेंट्रिंग कधी काढायचं यावर भांडण ठरलेलं, कारण ठेकेदाराला फंटे पुढच्या साइटवर हवे असतात. आयएस ४५६, म्हणजे काँक्रीटच्या कामाचं भारतीय मानक, सांगतं : साडेचार मीटरपर्यंतच्या गाळ्याचे (दोन आधारांमधल्या अंतराचे) छताचे टेकू ७ दिवस, त्याहून मोठ्याचे १४; बीमचे टेकू सहा मीटरपर्यंत १४ दिवस, त्यापुढे २१. हे आकडे साधं सिमेंट आणि १५ अंशांच्या खाली न जाणारं तापमान धरून आहेत. आपल्या डिसेंबर-जानेवारीच्या रात्री त्याच्या खाली जातात, आणि बाजारात मिळणारं बरंचसं सिमेंट राखमिश्रित असतं. दोन्हींसाठी मुदत वाढवून घ्या. तेवढ्या जादा दिवसांचं भाडं तुम्ही द्या, वाद मिटतो.

हौदाची गोष्ट वेगळी

पाण्याचा हौद बांधतो, वरून छत टाकतो, तोंड झाकतो, आणि दोन-तीन आठवड्यांनी कोणाला तरी फळ्या काढायला आत पाठवतो. हौद नवा, कोरा, त्यात घाण नाही, मग भीती कसली? पण बंद हौदात ओलं लाकूड आणि साचलेलं पाणी कुजत असतं, आणि कुजणं आतला प्राणवायू खातं. पहिला माणूस उतरतो आणि बसकण मारतो. त्याला काढायला दुसरा उतरतो. मग तिसरा. अशा घटनांत एकच माणूस जातो असं क्वचितच होतं.

हौदाच्या छताला दोन तोंडं ठेवा. काढणीच्या आधी चोवीस तास दोन्ही उघडी ठेवा आणि ब्लोअरनं आत हवा सोडा. हवा चालूच असताना, दोरी बांधलेला एक माणूस उतरेल आणि दुसरा वर दोरी धरून उभा राहील, जागचा हलणार नाही. मेणबत्ती सोडून पाहायचा जुना उपाय भरवशाचा नाही. ती विषारी वायू दाखवत नाही, आणि जळणारा वायू असेल तर भडका होतो. कोणी आत पडला तर कोणीही उतरायचं नाही. दोरीनं ओढा, हवा सोडा, १०८ आणि अग्निशमन दलाला बोलवा.

धूळ आणि सिमेंट

याचा अपघात दिसत नाही म्हणून तो अपघातात मोजला जात नाही. ग्रॅनाइट, टाइल, विटा, काँक्रीट कापताना उडणाऱ्या धुळीत सिलिका असते. तिचे सगळ्यांत बारीक कण डोळ्याला दिसत नाहीत, पण फुप्फुसात जाऊन बसतात आणि व्रण करतात. त्याला सिलिकोसिस म्हणतात, त्यावर औषध नाही, आणि क्षयाचा धोकाही वाढतो. हा शब्द आलिराजपूर-झाबुआच्या माणसाला सांगावा लागत नाही. तिथली माणसं गुजरातेत गोध्रा भागात दगड भरडायच्या कारखान्यांत गेली आणि खोकत परत आली. २०१६मध्ये सर्वोच्च न्यायालयानं अशा २३८ मृतांच्या कुटुंबांना प्रत्येकी ३ लाख रुपये देण्याचा आदेश गुजरात सरकारला दिला. आपल्या घरातली धूळ तेवढी दाट नसते. पण टाइलवाला पोरगा ती रोज नव्या घरात वर्षानुवर्षं ओढत असतो.

उपाय स्वस्त आहे : पाणी. कटरवर पाण्याची धार धरून कापायचं, उघड्यावर कापायचं, बंद खोलीत नाही. पाण्याबरोबर वीज आली, म्हणून वर सांगितलेला ब्रेकर इथे पुन्हा लागतो. वायरिंगसाठी भिंतीत खाचा पाडताना पाणी चालत नाही, तिथे एन९५ मास्क द्या. तोंडाला बांधलेला गमछा बारीक कण अडवत नाही. झाडू मारायच्या आधी पाणी शिंपडा.

ओलं सिमेंट कातडी जाळतं. गुडघ्यावर बसून फरशी घासणाऱ्याचे गुडघे आणि छत भरणाऱ्याचे पाय संध्याकाळी बघा. गमबूट, हातमोजे आणि काम संपताना साबण-पाणी. डोळ्यात सिमेंट किंवा चुना गेला तर लगेच, निदान वीस मिनिटं वाहत्या पाण्यानं धुवा आणि मग डॉक्टर. सिमेंटची पन्नास किलोची गोणी एकट्याच्या पाठीवर देऊ नका, दोघांनी उचला. बायकांच्या डोक्यावरची तगारी काठोकाठ भरणाऱ्याला आपणच टोकायचं.

ऊन, पाणी, संडास, पोरं

मे महिन्यात इथे पारा चाळिशी ओलांडतो. काम सकाळी सातला सुरू करून साडेअकराला थांबवा, पुन्हा चारला. मजुरी पूर्ण दिवसाचीच. दर वीस मिनिटांनी पेलाभर पाणी, माठ साइटवर आणि माठ भरायची जबाबदारी एकाची. ओआरएसची पाकिटं ठेवा. सर्वांत जास्त धोका नव्या माणसाला असतो, गावाकडून आल्यावर पहिल्या आठवड्यात, शरीराला सवय नसताना. त्याला पहिले दोन-तीन दिवस सावलीतलं काम द्या. कोणी बरळू लागला, अंग तापलं, तोल गेला तर त्याला पाणी पाजत बसू नका. सावलीत आणून अंगावर पाणी ओता, वारा घाला, १०८ ला फोन करा. शुद्धीत नसलेल्याच्या तोंडात काहीही घालायचं नाही.

संडास सर्वांत आधी बांधा, पायाच्याही आधी. कडी असलेलं दार हवं. संडास नसला की बाया दिवसभर पाणी पीत नाहीत, आणि त्याचे परिणाम मूत्रमार्गाच्या जंतुसंसर्गापासून उन्हाच्या झटक्यापर्यंत जातात. याबद्दल साइटवर कोणी तुम्हाला येऊन सांगणार नाही.

तान्ह्या पोराची झोळी परांचीला बांधलेली मी पाहिली आहे. शेजारी एखादी सावलीची, कुंपण घातलेली जागा करून द्या. चौदा वर्षांखालचं मूल कामाला नको, आणि अठराच्या आतल्या कोणाला अशा धोक्याच्या कामावर घेऊ नका. "इसका आधार घर पे है" हे उत्तर मान्य करू नका.

एक बारीक गोष्ट. इंदुरात झाबुआ-आलिराजपूरकडच्या माणसाला सगळे सरसकट "मामा" म्हणतात. नाव विचारा आणि वहीत लिहा. पुढच्या सगळ्या कागदांना तेच नाव लागतं.

कागद

एक साधी वही ठेवा. रोज कोण आलं, गाव कोणतं, घरच्यांचा फोन, मजुरी किती. मजुरांच्या पीठ्यावरून (काम शोधणारे मजूर जमतात त्या नाक्यावरून) एका दिवसासाठी आणलेला माणूसही त्यात आला पाहिजे. पहिल्याच दिवशी पडला तर तो तुमच्याकडे होता याचा दुसरा पुरावा नसतो.

१८ ते ६० वयाचा आणि गेल्या बारा महिन्यांत ९० दिवस बांधकामावर काम केलेला कामगार मध्य प्रदेशच्या भवन व संनिर्माण कर्मकार मंडळात नोंदणी करू शकतो. किती दिवस काम केलं याचा सहीचा दाखला त्याला द्या. समग्र आयडी (मध्य प्रदेश सरकारचा रहिवाशांचा ओळख क्रमांक) लागतो, आणि बाहेर राहणाऱ्यांचं घोडं बहुधा तिथेच अडतं, म्हणून गावी जाताना आठवण करा. या नोंदणीवर मुलांना शिक्षणाची मदत मिळते. इंदुरातलं श्रमोदय निवासी विद्यालय याच मुलांसाठी आहे. राज्याच्या असंघटित कामगारांसाठीच्या संबल योजनेत नोंद असेल तर अपघाती मृत्यूनंतर कुटुंबाला ४ लाख मिळतात. बँकेतून मिळणारा पंतप्रधान सुरक्षा विमा, म्हणजे अपघात विमा, वर्षाला २० रुपयांत २ लाखांचा आहे. आपण एका दुपारी चौघांना बँकेत नेऊन तो काढून देऊ शकतो. राज्याच्या श्रमायुक्तांचं कार्यालय इंदुरातच, महात्मा गांधी मार्गावर मोती बंगल्याला आहे. मजुरी बुडवल्याची तक्रार तिथे पोचते, हे मजुरांना सांगितलं तर ठेकेदार थोडा रागावतो. रागावू द्या.

अपघात झालाच तर

उंचावरून पडलेल्याला उठवून बसवू नका, पाणी पाजू नका, रिक्षात कोंबू नका. मान आणि पाठ सरळ राहील असा आहे तसाच ठेवा आणि १०८ बोलवा. अंगात सळई घुसली असेल तर ओढून काढू नका, ती आतलं रक्त धरून असते. विजेला चिकटलेल्याला हात लावण्याआधी मेन बंद करा. श्वास थांबला असेल तर छातीच्या मधोमध मिनिटाला १०० ते १२० वेळा जोरात दाब, मदत येईपर्यंत. चर ढासळला असेल तर आत उडी नको आणि जेसीबी तर मुळीच नको. कडेचं वजन हटवा आणि हातानं, आधी तोंड-छातीकडची माती काढा.

रुग्णालयात बहुतेक वेळा ठेकेदार कानात सांगतो, "बोल, घर पे गिरा." हे होऊ देऊ नका. साइटवर पडला असं नोंदवलं गेलं तरच विमा आणि भरपाई उभी राहते. पहिल्या कागदावर लिहिलेलं नंतर बदलत नाही. डॉक्टरांनी अपघाताची पोलीसनोंद केली तर घाबरू नका. आमच्या साइटवर पडलेल्या त्या पोराच्या वेळी मी तिथे उभा असूनही गप्प बसलो होतो. पुढे त्याला जे मिळालं ते मी आणि ठेकेदारानं खिशातून दिलेलं, हक्काचं नव्हे.

नव्या कॉलन्यांत प्लॉट नंबरावरून ॲम्ब्युलन्सला घर सापडत नाही. म्हणून पायाचा पहिला दगड बसला की पुढच्या भिंतीवर किंवा पत्र्यावर वीतभर अक्षरांत लिहून ठेवा : जवळच्या चौकाचं नाव, गल्लीतली ओळखीची खूण, १०८, आणि तुमचा फोन नंबर. रंग पावसात धुऊन जातो. श्रावणात एकदा परत गिरवा.